स्कॉट्स वेगळी, गॅलिक वेगळी: स्कॉटलंडचा दाखला द्यायचा तर नीट द्यावा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

गोव्यात राजभाषेचा विषय निघाला की पत्रव्यवहाराच्या सदरात स्कॉटलंडचा दाखला हटकून येतो. एक बाजू लिहिते, इंग्रजीने ‘स्कॉटिश भाषा’ गिळली तशी मराठी कोकणीला गिळेल. दुसरी बाजू लिहिते, ‘स्कॉटिश भाषा’ ही जशी इंग्रजीची बोली तशी कोकणी ही मराठीची बोली. शब्द एकच, पण पहिल्याच्या मनात असते गॅलिक आणि दुसऱ्याच्या मनात असते स्कॉट्स. या दोन निरनिराळ्या भाषा आहेत. त्यांची कुळे वेगळी, त्यांची दुखणी वेगळी आणि त्यांवर आज तिथे चाललेले उपायही वेगळे. त्यांची गल्लत झाली की दोन्ही बाजूंचा युक्तिवाद निराधार होतो.

त्यांचा एकमेकींशी संबंध कसा घडला आणि त्यातले आपल्याला काय लागू पडते, हे मांडण्यासाठी हे पत्र. विषयामुळे ते लांबले आहे. काटछाट करावीच लागली तर मधली करावी, शेवटचा जनगणनेविषयीचा भाग कृपया ठेवावा.

गॅलिक ही केल्टिक शाखेतली भाषा आहे. आयर्लंडची आयरिश आणि आयल ऑफ मॅन बेटाची मँक्स या तिच्या सख्ख्या बहिणी. स्कॉट्स जर्मॅनिक शाखेतली. इंग्रजी तिची सख्खी बहीण, तर डच आणि जर्मन चुलत बहिणी. दोन्ही शाखा इंडो-युरोपीय कुळातल्या खऱ्या, पण त्या कुळात मराठीही आहेच. मराठी आणि फारसी निदान इंडो-इराणी या एका शाखेत बसतात. केल्टिक आणि जर्मॅनिक यांच्यात तेवढीही जवळीक नाही. म्हणून स्कॉट्स आणि गॅलिक यांची जोडी कोकणी-मराठीच्या जोडीशेजारी ठेवता येत नाही. (स्कॉटलंडमध्ये इंग्रजी बोलतानाही ‘गॅलिक’ असाच उच्चार करतात. ‘गेलिक’ हा उच्चार आयर्लंडकडचा. आपली वर्तमानपत्रे दोन्हीकडे ‘गेलिक’ छापतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.)

आकडे मोजून पाहिले तर हे लगेच पटेल. उच्चार देवनागरीत अंदाजानेच देता येतात. गॅलिकमध्ये एक, दोन, तीन, चार, पाच म्हणजे ऊन, दा, त्री, केहिर, कोइक. स्कॉट्समध्ये एन, ट्वा, थ्री, फाउअर, फाइव्ह. आठला गॅलिक ओख्क म्हणते, स्कॉट्स एख्त. इंग्रजी जाणणाऱ्याला स्कॉट्सची पंगत ओळखीची वाटेल, गॅलिकची वाटणार नाही. घर म्हणजे स्कॉट्समध्ये हूस आणि गॅलिकमध्ये तय. प्रार्थनामंदिर म्हणजे स्कॉट्समध्ये कर्क आणि गॅलिकमध्ये एग्लिश. वाक्याची ठेवण तर अगदीच निराळी. गॅलिकमध्ये क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला येते. ‘माझ्यापाशी घर आहे’ याची गॅलिक रचना शब्दशः ‘आहे घर माझ्यापाशी’ अशी. बाळगणे या अर्थी इंग्रजीत आणि स्कॉट्समध्ये वेगळे क्रियापद आहे, गॅलिकमध्ये ते नाही. शिवाय गॅलिकमध्ये शब्दाचे पहिलेच व्यंजन व्याकरणानुसार बदलते. होडी म्हणजे बाता, ‘माझी होडी’ म्हणजे मो वाता. शब्दकोशात ‘वा’खाली शोधणाऱ्याला तो शब्द सापडत नाही. नव्याने शिकणारे बहुतेकजण पहिल्यांदा इथेच अडतात.

आता इतिहास. सहाव्या शतकात आजच्या स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा आर्गाइल आणि समुद्रापलीकडचा आयर्लंडचा ईशान्य कोपरा मिळून डाल रिआटा नावाचे गॅलिकभाषी राज्य होते. ५६३ मध्ये कोलंबा हा आयरिश साधू आयोना बेटावर आला. त्याच्या मठामुळे गॅलिकला लेखनाची आणि धर्माची प्रतिष्ठा मिळाली. पूर्वेकडे पिक्ट लोकांची वेगळी भाषा होती. नवव्या शतकानंतर ती लोपत गेली आणि गॅलिक ही अल्बा या राज्याची, म्हणजे पुढच्या स्कॉटलंडची, भाषा झाली. अकराव्या शतकात तिचा विस्तार सर्वांत मोठा होता. ‘गॅलिक ही फक्त डोंगराळ भागाची भाषा’ हे विधान स्कॉटलंडमध्येही पुष्कळ लोक करतात, ते चूक आहे. ॲबर्डीनशायरमधल्या डियरच्या मठात एक जुना लॅटिन ग्रंथ होता. बाराव्या शतकात त्याच्या समासांत जमिनींच्या देणग्यांच्या नोंदी केल्या गेल्या, त्या गॅलिकमध्ये आहेत. हा भाग म्हणजे बकन. आज तिथे ‘डॉरिक’ नावाची स्कॉट्सची सर्वांत ठसठशीत बोली ऐकू येते. नैर्ऋत्येकडच्या गॅलोवे आणि कॅरिक भागांतही गॅलिक कितीतरी शतके टिकली. गावांच्या नावांतला ‘बॅल’ हा गॅलिक ‘बाल्य’ म्हणजे वस्ती या शब्दातून आलेला असतो, आणि तो फाइफपासून ॲबर्डीनपर्यंत सखल भागात पसरलेला आहे.

उलट बाजूने, स्कॉट्सचे मूळही त्या भूमीत उपरे नाही. नॉर्थम्ब्रियाच्या अँग्लियन राज्याची हद्द सातव्या शतकात फोर्थच्या खाडीपर्यंत गेली होती. डम्फ्रीसशायरमधल्या रदवेल गावी आठव्या शतकातला दगडी क्रूस आहे. त्याच्यावर रुनिक लिपीत जुन्या इंग्रजीतल्या काव्यपंक्ती कोरलेल्या आहेत. म्हणजे आजच्या स्कॉटलंडच्या दक्षिण भागात त्या भाषेचे रूप तेराशे वर्षांपासून आहे. स्कॉट्स ही बिघडलेली इंग्रजी नव्हे. लंडनची प्रमाण इंग्रजी आणि स्कॉट्स या जुन्या इंग्रजीच्या वेगवेगळ्या बोलींतून वाढल्या. एकीने आपले रूप दुसरीकडून घेतलेले नाही.

मग गॅलिक मागे हटली कशी? पुष्कळांना वाटते, इंग्रजांनी तलवारीने हटवली. पहिली माघार त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि तिचे कारण बाजार. डेव्हिड पहिला ११२४ ते ११५३ या काळात गादीवर होता. त्याने बेरिक, रॉक्सबर्ग, एडिनबरा, स्टर्लिंग अशी ‘बर्ग’ म्हणजे सनदी व्यापारी नगरे वसवली. बर्गला भोवतालच्या मुलखातल्या व्यापाराचा मक्ता मिळे. लोकर आणि कातडी परदेशी पाठवायची तर ती बर्गातूनच जायची. वस्तीला आले ते उत्तर इंग्लंडचे आणि फ्लँडर्सचे कारागीर आणि व्यापारी. बाजार, माप, न्यायसभा, कारागिरांचे संघ या सगळ्यांचा व्यवहार उत्तरेकडच्या इंग्रजीत चाले. गॅलिक बोलणारा शेतकरी लोकर विकायला आला की त्याला ती भाषा शिकावी लागे, बर्गवाल्याला मात्र गॅलिक शिकावी लागत नसे. दोन भाषांमधले हे एकतर्फी शिकणे दोन-तीन पिढ्या चालले की खेडी दुभाषी होतात आणि पुढच्या पिढीत एकभाषी होतात, तीही नगराच्या भाषेत. शाळा नव्हत्या, बंदी नव्हती, तरी पूर्वेकडच्या सखल भागात हे घडले. भाषेच्या ऱ्हासाची चर्चा करताना आपण कायदे आणि हुकूमनामे फार मोजतो आणि बाजार फार कमी मोजतो, असे माझे मत आहे.

१४२४ पासून स्कॉटलंडच्या संसदेचे कायदे बर्गांच्या याच भाषेत लिहिले जाऊ लागले. पण तिचे नाव अजून ‘स्कॉट्स’ नव्हते. चौदाव्या-पंधराव्या शतकांतले लेखक तिला ‘इंग्लिस’ म्हणत. लॅटिन कागदपत्रांतली ‘स्कॉटिश भाषा’ म्हणजे तेव्हा गॅलिकच असे. पंधरावे शतक संपताना सखल भागातल्या लोकांनी आपल्या भाषेला ‘स्कॉटिस’ म्हणायला सुरुवात केली. १५१३ मध्ये व्हर्जिलच्या महाकाव्याचे भाषांतर पुरे करणाऱ्या गॅव्हिन डग्लसने तर आपण ‘स्कॉटिस’मध्ये लिहीत असून इंग्लंडच्या भाषेपासून दूर राहत आहोत असे बजावून सांगितले. त्याच वेळी गॅलिकला ‘आयरिश’ किंवा ‘एर्श’ म्हटले जाऊ लागले. एका भाषेचे नाव दुसरीने घेतले आणि पहिलीला परक्या देशाचे नाव चिकटले. पुढच्या दोनशे वर्षांत गॅलिकविरुद्ध जे काही केले गेले, त्याला या नावाचा मोठा आधार मिळाला: जी भाषा आयरिश, तिला इथे जागा कशाला, हा युक्तिवाद सोपा झाला.

जुन्या कागदावरचे भाषेचे नाव हा पुरावा किती जपून वापरावा, हे यावरून कळते. आपल्याकडेही हेच आहे. फादर थॉमस स्टीफन्सचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये त्याच्या मृत्यूनंतर राशोलला छापले गेले, त्यात भाषेचे नाव ‘कानारी’ असे आहे. त्याच स्टीफन्सने आपल्या ख्रिस्तपुराणाची भाषा मराठी म्हटली आहे आणि त्यात कोकणीचे मिश्रणही आहे. नावावरून निकाल लावणाऱ्यांनी आधी त्या काळी ते नाव कोण कशाला देत होते हे पाहावे.

राजा जेम्स चौथा याच्या दरबारी पेद्रो दे आयाला हा स्पॅनिश वकील होता. १४९८ च्या अहवालात त्याने लिहिले, की राजाची स्कॉट्स भाषा इंग्रजीपासून ॲरागॉनी भाषा कॅस्टिलियनपासून जितकी दूर तितकी दूर आहे, आणि राजाला डोंगराळ भागातल्या व बेटांवरच्या लोकांची भाषाही येते. गॅलिक येणारा हा शेवटचा राजा मानला जातो. त्याच सुमारास दरबारात विल्यम डनबार आणि वॉल्टर केनेडी या कवींची कवितेतून जुंपली. डनबारने केनेडीच्या गॅलिक मुळावरून त्याला हिणवले. केनेडीने उत्तर दिले, की गॅलिक ही सगळ्या खऱ्या स्कॉट लोकांची भाषा असायला हवी. केनेडीचे ते उत्तरही स्कॉट्समध्ये आहे, कारण दरबारात ऐकणारे कान त्याच भाषेचे होते. १४९३ मध्ये पश्चिमेकडच्या बेटांच्या अधिपतीचे पद राजाने काढून घेतले होते आणि गॅलिक कवींना व वैद्यांना पोसणारे सर्वांत मोठे घराणे मोडले होते. त्यानंतर गॅलिकच्या मागे उभे राहील असा दरबारच उरला नाही.

१६०९ च्या आयोना करारांनी हायलंडच्या म्हणजे डोंगराळ भागातल्या सरदारांवर थोरल्या मुलाला सखल भागात पाठवून इंग्रजी शिकवण्याचे बंधन घातले. १६१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, हुकूम काढला: गावोगावी शाळा काढाव्यात, इंग्रजी सर्वत्र रुजवावी आणि ‘आयरिश’ भाषा, जी रानटीपणा टिकून राहण्याच्या मुख्य कारणांपैकी एक आहे, ती नाहीशी करावी. गोव्याच्या वाचकाला हे साल ओळखीचे वाटेल. त्याच १६१६ मध्ये राशोलला ख्रिस्तपुराण छापले गेले. तिकडे एक राज्य लोकभाषा पुसायला निघाले होते, इकडे धर्मप्रसारासाठी का होईना लोकभाषेत अकरा हजारांच्या आसपास ओव्या छापल्या जात होत्या. आपल्याकडचा तसा हुकूम १६८४ चा: तीन वर्षांत पोर्तुगीज शिका आणि आपली बोली सोडा.

१६१६ च्या त्या हुकुमाचा मसुदा मुळातून वाचण्यासारखा आहे. गॅलिक काढून इंग्रजी लावा असे सांगणारा तो कागद स्कॉट्सच्या वळणाने लिहिलेला आहे. क्रियापदांचे भूतकाळाचे ‘-इट’ प्रत्यय त्यात जागोजाग आहेत. तो लिहिणाऱ्या कारकुनाने आपली भाषा आणि इंग्रजी एकच धरली होती. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा इंग्लंडचाही राजा होऊन लंडनला गेलेलाच होता. सतरावे शतक सरेपर्यंत सरकारी लिखाणातून ते ‘-इट’ प्रत्यय गेले, ‘क्वह’ने सुरू होणारी प्रश्नार्थक सर्वनामे गेली आणि स्कॉट्स लेखी व्यवहारातून जवळजवळ बाहेर पडली. गॅलिकला बाहेर काढण्याचा आग्रह धरणाऱ्या सखल भागाचीच भाषा कोणी हुकूम न काढता गेली.

त्यातही धर्मग्रंथाचा भाग मोठा. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडने जिनिव्हात तयार झालेले इंग्रजी बायबल स्वीकारले. १५७९ च्या कायद्याने ऐपतदार कुटुंबांना घरी बायबल ठेवणे सक्तीचे केले. देव, न्याय, पाप, मुक्ती हे गंभीर विषय दर रविवारी इंग्रजीत ऐकायचे आणि बाजारहाट, शेती, थट्टामस्करी स्कॉट्समध्ये करायची, अशी वाटणी पडली. स्कॉट्समधला नवा करार सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हस्तलिखितात तयार होता, पण तो छापला गेला विसाव्या शतकात. गॅलिकचे उलट झाले. १५६७ मध्ये धर्मविधीचे गॅलिक पुस्तक छापले गेले, गॅलिक, आयरिश आणि मँक्स या तिन्ही बहिणींतले ते पहिले छापील पुस्तक. १७६७ मध्ये नवा करार आणि १८०१ मध्ये संपूर्ण बायबल गॅलिकमध्ये आले. विशेष म्हणजे नवा करार काढला तो १७०९ मध्ये स्थापन झालेल्या धर्मप्रसारक सोसायटीने, जिच्या शाळांत सुरुवातीला गॅलिकला मज्जाव होता. मुलांना इंग्रजी वाचता येते पण कळत नाही, हे अनुभवाने समजल्यावर तिला धोरण बदलावे लागले.

याचा परिणाम आजही दिसतो. गॅलिकला बायबलमुळे एक लेखनपद्धती मिळाली. अठरा अक्षरे आहेत आणि १९८१ मध्ये परीक्षा मंडळाने शुद्धलेखनाचे नियम ठरवले, त्यात स्वरावरचे दोन प्रकारचे आघातचिन्ह काढून एकच ठेवले. शिक्षक, प्रकाशक आणि परीक्षक आज मोठ्या प्रमाणात एकसारखे लिहितात. स्कॉट्सला अशी पद्धती नाही. अठराव्या शतकातल्या छापखान्यांनी इंग्रजी वाचकाच्या सोयीसाठी स्कॉट्स शब्दांत लोपचिन्हे घातली, जणू एखादे इंग्रजी अक्षर गळले आहे. त्यामुळे स्कॉट्स म्हणजे अक्षरे गाळलेली इंग्रजी हा समज पक्का झाला. १९४७ मध्ये कवींनी एकत्र येऊन लेखनाचे एक नियमपत्रक काढले आणि ती चिन्हे टाळायला सुरुवात केली, पण शाळांपर्यंत ते पोहोचले नाही. ॲबर्डीनचा लेखक ‘फ’ लिहितो तिथे ग्लासगोचा ‘व्ह’ लिहितो. प्रमाणरूप नसल्यामुळे काय होते, ते २०२० मध्ये उघड झाले. स्कॉट्स विकिपीडियावरचे हजारो लेख स्कॉट्स न येणाऱ्या एकाच परदेशी संपादकाने लिहिले होते. इंग्रजी वाक्य घ्यायचे, मधले दोन-चार शब्द कोशातून बदलायचे, एवढेच केले होते. कित्येक वर्षे ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. गॅलिकमध्ये अशी बनवाबनवी पहिल्याच वाक्यात पकडली गेली असती.

दोन्ही भाषा शेजारी नांदल्या, तेव्हा देवाणघेवाण झालीच. गॅलिकमधून स्कॉट्सने ‘लॉख’ म्हणजे तळे, ‘ग्लेन’ म्हणजे दरी, ‘क्लॅन’ म्हणजे कुळी हे शब्द घेतले, तसेच हुंड्याला ‘टॉखर’ आणि नातवाला ‘ओ’ हे घरगुती शब्दही. जमीन आणि नातीगोती यांपुरतीच ही यादी भरगच्च आहे. व्याकरणाला तिचा स्पर्श फारसा झाला नाही. रॉबर्ट बर्न्सने गॅलिकमध्ये कविता लिहिल्या, असे मराठीत अधूनमधून छापून येते. बर्न्स स्कॉट्समध्ये आणि इंग्रजीत लिहीत असे. विसाव्या शतकात मात्र दोन्ही भाषांतले कवी एकमेकांच्या मदतीला आले. स्कॉट्समधले ह्यू मॅक्डायर्मिड आणि गॅलिकमधले सॉर्ली मॅक्लीन यांनी १९३० च्या दशकात अठराव्या शतकातल्या गॅलिक कविता मिळून भाषांतरित केल्या. आपल्याकडे बाकीबाब बोरकरांनी कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषांत लिहिलेच. जाता जाता हेही नोंदवतो, की मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठीच्या घटकांविषयी टिपण जोडणारे जॉन विल्सन हे स्कॉट्स बोलल्या जाणाऱ्या सीमाभागातले, लॉडर गावचे.

पुढचा भाग थोडक्यात. १८७२ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात गॅलिकचा उल्लेखच नव्हता. शतकाहून अधिक काळानंतर, १९८५ मध्ये ग्लासगो आणि इन्व्हर्नेसला गॅलिक माध्यमाचे पहिले प्राथमिक वर्ग निघाले. २००५ मध्ये गॅलिकसाठी कायदा आणि मंडळ आले. २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गॅलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा एकाच विधेयकातून संमत केला. दोघींपैकी खरी स्कॉटिश कोणती, हा केनेडी आणि डनबारच्या वेळचा वाद त्यांनी कायद्याने सोडवायचे टाळले, आणि ते योग्य केले.

आपल्याला खरोखर शिकण्यासारखे काही असेल तर ते तिथल्या जनगणनेत आहे. गॅलिकविषयीचा प्रश्न १८८१ पासून विचारला जातो, स्कॉट्सविषयीचा २०११ पासून. तिथे ‘तुमची मातृभाषा कोणती’ असे विचारत नाहीत. इंग्रजी, गॅलिक आणि स्कॉट्स यांचे रकाने असतात आणि समजते, बोलता येते, वाचता येते, लिहिता येते या कौशल्यांपुढे हव्या तितक्या खुणा करता येतात. घरी कोणती भाषा वापरता, हा प्रश्न वेगळा. २०११ मध्ये सुमारे १५ लाख लोकांनी स्कॉट्स बोलता येते असे सांगितले. घरी वापरण्याच्या प्रश्नाला मात्र जेमतेम एक टक्का लोकांनी स्कॉट्स हे उत्तर दिले. एकच प्रश्न विचारला असता तर दोनपैकी एकच चित्र दिसले असते. आपण बोलतो तिला स्कॉट्स म्हणतात हेच पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून त्या वेळी एक संकेतस्थळ काढून निरनिराळ्या प्रदेशांतल्या बोलण्याचे ध्वनिमुद्रित नमुने ऐकवले गेले.

२०२२ मध्ये गॅलिक बोलणारे ६९,७०१ नोंदले गेले. २०११ च्या ५७ हजारांवरून ही वाढ दिसते. पण बाह्य हेब्रिडीज बेटांवर, जिथे ती रोजच्या व्यवहाराची भाषा आहे, गॅलिक बोलणारे २०११ मध्ये निम्म्याहून जास्त होते आणि २०२२ मध्ये निम्म्याहून कमी झाले. वाढ सखल भागात शिकणाऱ्यांची आहे, घट घरात बोलणाऱ्यांची. फक्त बेरीज पाहणारा खूश होईल आणि चूक करील.

गोव्यात २०११ च्या जनगणनेत सुमारे ६६ टक्के लोकांनी कोकणी आणि सुमारे ११ टक्के लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली. या दोन आकड्यांवर गेली कित्येक वर्षे भांडण चालू आहे. पण घरात कोकणी बोलणारे, मराठी दैनिक वाचणारे, देवळात मराठी भजन म्हणणारे आणि नाटकही मराठीच बसवणारे फोंडा, डिचोली, पेडण्यातले हजारो लोक यातल्या कोणत्या आकड्यात आहेत? साष्टीतले, रोमीत म्हणजे रोमन लिपीत वाचणारे आणि नागरी न वाचणारे कोकणीभाषक कुठे दिसतात? आपली जनगणना एक मातृभाषा आणि येत असलेल्या इतर दोन भाषा एवढेच विचारते. बोलण्याची भाषा आणि वाचण्याची भाषा वेगळी असणे हे गोव्याचे मुख्य वैशिष्ट्य, आणि नेमके तेच त्या तक्त्यात मावत नाही.

२०२७ च्या जनगणनेचा तक्ता राज्याच्या हातात नाही. पण राज्याच्या नियोजन आणि सांख्यिकी संचालनालयाला नमुना पाहणी करता येईल. तिची आखणी अशी असावी. कोकणी, मराठी, इंग्रजी, हिंदी, पोर्तुगीज आणि कन्नड यांच्या ओळी, आणि पुढे समजते, बोलता येते, वाचता येते, लिहिता येते असे चार रकाने. कितीही खुणा करायची मुभा. कोकणीचे वाचन आणि लेखन नागरी व रोमी असे दोन भागांत. त्यानंतर दोन स्वतंत्र प्रश्न: घरात मोठी माणसे आपसांत काय बोलतात, आणि मुलांशी काय बोलतात. दुसरा प्रश्न गाळू नये, पुढच्या पिढीचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. गणकाने माणसाचे आडनाव किंवा धर्म पाहून रकाना भरू नये, अशी लेखी सूचना असावी. उत्तर देणारा ‘आमची भाषा’ एवढेच म्हणत असेल तर त्याला पेडणे, बार्देश, साष्टी आणि काणकोण इथले अर्ध्या मिनिटाचे नमुने मोबाइलवर ऐकवावेत आणि त्याने निवडलेल्याची नोंद करावी. आधी जुन्या काबिजादींतल्या (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या) एका आणि नव्या काबिजादींतल्या (नंतर जिंकलेल्या भागातल्या) एका गावात चाचणी घेऊन प्रश्नांची भाषा तपासावी. निकाल राज्याच्या बेरजेत नव्हे, तालुकावार आणि वयोगटांनुसार जाहीर करावेत, म्हणजे एखाद्या तालुक्यातल्या लहान मुलांत घट असेल तर ती बेरजेखाली लपणार नाही.

आपला,
भाषा-इतिहासाचा एक अध्यापक,
फोंडा, गोवा